उशिरा वाढणाऱ्या लाइनमनसाठी एक प्रशिक्षण केंद्र : अडीच वर्षांचा अनुभव

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या आग्नेय भागात, मिलवॉकीपासून गाडीने चाळीस मिनिटांवर, एका जुन्या गोदामात अमेरिकन फुटबॉलमधल्या ऑफेन्सिव्ह लाइनमनना, म्हणजे पुढच्या फळीत उभे राहून समोरच्यांना थोपवणाऱ्या खेळाडूंना, शिकवणारे एक खासगी केंद्र आहे. माझा धाकटा मुलगा फेब्रुवारी २०२३ पासून जुलै २०२५ पर्यंत, म्हणजे जवळपास अडीच वर्षे, तिथे जात होता. आता तो मिनेसोटातील एका डिव्हिजन टू (महाविद्यालयीन खेळाच्या तीन स्तरांपैकी मधला) विद्यापीठाच्या संघात पहिल्या वर्षाला आहे. या केंद्राबद्दल मला इतक्या पालकांनी विचारले आहे की एकदा सविस्तर लिहून ठेवावे असे वाटले. केंद्राचे नाव मी देत नाही, कारण जागा लहान आहे, तिथे येणारी बहुतेक मुले अठराच्या आतली आहेत आणि मला काही तक्रारीही मांडायच्या आहेत. ज्यांच्या घरी असा, उशिरा वाढणारा मुलगा आहे त्यांनी अशा कुठल्याही केंद्रात गेल्यावर काय पाहावे आणि कशाचे पैसे मुळीच देऊ नयेत, ते सांगण्यासाठी नावाची गरजही नाही.

असा मुलगा म्हणजे कसा, ते आधी सांगते. नववीत तो पाच फूट दहा इंच उंच आणि १५० पौंड वजनाचा होता. दहावीच्या मध्यावर, पंधरा वर्षे दहा महिन्यांचा असताना, तो सहा फूट दीड इंचावर पोहोचला, पण वजन जेमतेम १८८ पौंड. हातपाय लांब, खांदे अरुंद, आणि चालताना स्वतःच्याच पायात पाय अडकतील की काय असे वाटायचे. शाळेच्या संघात त्याच्या वयाची जी मुले तेव्हा टॅकल, म्हणजे फळीतला कडेचा खेळाडू, म्हणून खेळत होती त्यांना दाढी आली होती आणि त्यांची वजने २४० च्या पुढे होती. त्यांच्यापुढे हा बाकावर बसला यात आश्चर्य नव्हते. प्रश्न एवढाच होता की त्याला बाकावरच बसवून ठेवायचे, की त्या काळात काहीतरी शिकवायचे.

फुटबॉल फारसा न पाहणाऱ्यांसाठी दोन वाक्ये. क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूच्या, पुढे पाच जण उभे असतात, मध्ये सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि कडेला टॅकल. चेंडू घेऊन धावणे हे त्यांचे काम नसते, समोरून येणाऱ्याला थोपवणे आणि आपल्या धावणाऱ्यासाठी वाट मोकळी करणे हे त्यांचे काम असते. महाविद्यालयीन खेळाच्या वरच्या पातळीवर हे पाच जण साधारण सहा फूट तीन ते सहा फूट सहा इंच उंच आणि २९० ते ३२० पौंड वजनाचे असतात. पळणाऱ्या किंवा झेल घेणाऱ्या मुलाचे कसब सोळाव्या वर्षी कोणालाही दिसते, पण लाइनमनचे शरीर कित्येकदा विशीपर्यंत भरत असते. विद्यापीठांच्या संघांतल्या भरतीचे वेळापत्रक मात्र सगळ्यांना एकच आहे. अकरावीच्या १ सप्टेंबरपासून विद्यापीठांचे प्रशिक्षक मुलांना थेट संदेश पाठवू शकतात, आणि २०१७ पासून बारावीच्या डिसेंबरमध्येच विद्यापीठांबरोबरच्या करारांवर सह्या होऊ लागल्या आहेत. ज्याची उंची अकरावीतही वाढतेच आहे, त्याचे शरीर तयार होईपर्यंत याद्या भरून गेलेल्या असतात.

या केंद्राकडे येण्याआधी आमचे हात एकदा पोळले होते. नववीच्या हिवाळ्यात आम्ही त्याला दुसऱ्या एका व्यायामशाळेत घातले होते. लाइनमन व्हायचे तर आधी वजन, असा तिथला खाक्या. लाइनवर खेळणाऱ्या सगळ्या मुलांना एकच आहार आणि एकच तक्ता होता. चार महिन्यांत त्याचे वजन २४ पौंडांनी वाढले. वजनकाट्यावरचा आकडा पाहून आम्हीही खूश झालो, हे मी लपवत नाही. पाचव्या महिन्यात तो जिना उतरताना कठड्याला धरू लागला. गुडघ्याच्या वाटीखाली, जिथे स्नायूबंध नडगीच्या वाढत्या हाडाला जोडलेला असतो, तिथे सुपारीएवढा उंचवटा आला होता. डॉक्टरांनी त्याला ऑस्गुड-श्लाटर म्हणतात असे सांगितले, वाढीच्या वयात हे सर्रास दिसते असा धीर दिला, आणि सहा आठवडे उड्या व बैठका बंद केल्या. वाढत्या हाडावर घाईघाईने टाकलेले वजन आणि त्यावर रोजच्या बैठका, एवढे त्याला पुरेसे झाले होते.

म्हणून या नव्या केंद्राच्या पहिल्या भेटीला मी धास्तावूनच गेले. मूल्यमापनाचे ७५ डॉलर भरले, आणि मुख्य प्रशिक्षक त्याला थेट बारबेलकडे नेतील अशी माझी समजूत होती. त्यांनी बूट-मोजे काढायला सांगितले. त्याला भिंतीसमोर उभे केले, पायाचा अंगठा भिंतीपासून चार इंचांवर ठेवला आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकव म्हणाले. डावा गुडघा टेकला. उजवा टेकण्याच्या बेतात असताना टाच किंचित वर आली, इतकी किंचित की मला दिसलीही नाही. प्रशिक्षक जमिनीवर बसले, खिशातून पावतीचा कागद काढला आणि त्याच्या टाचेखालून अलगद आरपार सरकवला. मग माझ्याकडे पाहून म्हणाले की आधी हे नीट करू, बाकीचे नंतर.

त्या कागदाचा अर्थ मला हळूहळू उमगला. लाइनमनने गुडघ्यातून आणि खुब्यातून बसायचे असते, कमरेतून वाकायचे नसते. घोटा पुरेसा वाकत नसेल तर गुडघा पुढे जात नाही, गुडघा पुढे गेला नाही की खाली जाण्यासाठी कंबरच वाकते, कंबर वाकली की डोके पायांच्या पुढे जाते, आणि समोरच्या अनुभवी बचावपटूला अशा मुलाचे खांदे धरून त्याला तोंडावर पाडायला एक हिसडा पुरतो. उंची झपाट्याने वाढत असताना पोटऱ्या आखडतात आणि घोट्याची हालचाल कमी होते, हे त्या प्रशिक्षकांनी इतक्या मुलांत पाहिले होते की ते तपासणीला तिथूनच सुरुवात करतात. शाळेतले प्रशिक्षक दोन वर्षे त्याला 'खाली राहा, खाली राहा' असे ओरडून सांगत होते. खाली राहणे त्याच्या घोट्यालाच जमत नव्हते, हे कोणी पाहिले नव्हते.

त्यानंतर त्यांनी आमच्या घराण्याची चौकशी केली. माझे पती इथलेच, सहा फूट तीन इंच. मी पाच फूट सहा. पण त्यांना जास्त रस होता तो माझ्या भावात. मुलाचा मामा सहा फूट एक इंच आहे, आणि महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षापर्यंत त्याच्या सदऱ्याच्या बाह्या आखूड होत होत्या, हे मी सहज सांगितले, तर त्यांनी ते वहीत लिहून घेतले. घरी दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने केलेल्या खुणांचे फोटो मागवले आणि दर सहा महिन्यांची वाढ काढली. खामिस-रोश नावाची १९९४ सालची एक पद्धत आहे, तिच्यात मुलाचे वय, उंची, वजन आणि आईवडिलांची उंची घालून प्रौढपणीच्या उंचीचा अंदाज काढतात. त्यावरून सहा फूट चारच्या आसपासचा आकडा निघाला. मला आवडले ते असे की त्यांनी आपणहून सांगितले, हे गणित ओहायोतील गोऱ्या कुटुंबांतल्या मुलांच्या नोंदींवर बेतलेले आहे, तुमच्या मुलाला ते तंतोतंत लागू पडेलच असे नाही, इंच-दोन इंच इकडेतिकडे धराच. आज तो सहा फूट पाच आहे. आकडा जवळपास बरोबर आला म्हणून मी त्यांचे कौतुक करत नाही. सोळाव्या वर्षी पुढ्यात उभ्या असलेल्या काटकुळ्या मुलाऐवजी विसाव्या वर्षीच्या माणसाचा विचार करून त्यांनी शिकवणीचा क्रम लावला, हे या केंद्रात मला मिळालेले सर्वांत मोलाचे.

तो क्रम म्हणजे आधी पाय, मग हात, आणि वजन सगळ्यांत शेवटी. पहिले नऊ आठवडे त्याने कोणाला धक्काही मारला नाही. गवताच्या नकली गालिच्यावर रंगीत चिकटपट्ट्या लावलेल्या असत, त्यांवर पावले टाकणे एवढेच काम. धावण्यासाठी वाट करताना पहिले पाऊल सहा इंचांचेच पडले पाहिजे आणि दुसरे पाऊल समोरच्याला भिडण्यापूर्वी जमिनीवर टेकलेले असले पाहिजे, हा त्यांचा पाठ. ऐकायला बाळबोध वाटते. मलाही सातव्या आठवड्यात वाटले की आपण तासाला ४५ डॉलर देऊन मुलाला चालायला शिकवतो आहोत, आणि तसे मी बोलूनही दाखवले. त्यावर प्रशिक्षकांनी वाद घातला नाही. एक फोन घोट्याच्या उंचीवर, मुलाच्या पाठीमागे, छोट्या तिकाटण्यावर ठेवला, एका मोठ्या मुलाला समोर ढाल धरून उभे केले आणि माझ्या मुलाला पूर्ण जोराने भिडायला सांगितले. मग ते चित्रण एकेक चौकट पुढे सरकवत मला दाखवले. हात ढालीला लागले त्या चौकटीत त्याचा दुसरा पाय जमिनीपासून चांगला चार बोटे वर होता. पुढच्या तीन चौकटींत तो अख्खा मागे रेटला गेला. एका पायावर उभ्या असलेल्या माणसाला ढकलायला ताकद लागत नाही, हे मला त्या दिवशी समजले आणि मी नंतर कधी घाई केली नाही.

ऑगस्टमध्ये, शाळेच्या सरावात, २५० पौंडांचा एक बारावीचा मुलगा त्याच्यावर चालून आला तेव्हा माझा मुलगा २०४ पौंडांचा होता. तो जिंकला असे मी म्हणणार नाही. पण तो जागचा हलला नाही, दोन्ही पाय जमिनीवर होते, आणि त्याच्या शेजारचा गार्ड मदतीला येईपर्यंत त्याने ती जागा राखली. दोघांनी मिळून खुब्याला खुबा लावून त्या मुलाला मागे नेले, आणि मग माझ्या मुलाने त्याला सोडून मागच्या लाइनबॅकरला, म्हणजे बचावाच्या दुसऱ्या फळीतल्या खेळाडूला, गाठले. याला डबल टीम म्हणतात, आणि खेळ पाहणाऱ्या शंभरांतल्या नव्वद जणांचे लक्ष तेव्हा चेंडूवर असते. शाळेच्या लाइनच्या प्रशिक्षकांचे लक्ष होते. सप्टेंबरमध्ये तो अकरावीत बदली टॅकल झाला.

हातांचे शिक्षण मला सर्वांत सुंदर वाटले. प्रत्येक मुठीत एक टेनिसचा चेंडू द्यायचा आणि मग समोरच्याच्या छातीवर हात मारायला सांगायचे. मुठीत चेंडू असला की समोरच्याचा सदरा पकडताच येत नाही. मग कोपरे आपोआप बरगड्यांजवळ राहतात, अंगठे वर येतात, आणि मुलगा धरून ठेवण्याऐवजी ठोसा द्यायला शिकतो. धरण्याची सवय असलेल्या लाइनमनला पंच होल्डिंगचा झेंडा दाखवतात आणि संघाचे दहा यार्ड जातात. लांब हातांच्या मुलाला हे जमले की त्याचा हात समोरच्याच्या आधी पोहोचतो, आणि जी लांबी इतके दिवस अवघड वाटत होती ती कामी येते. क्वार्टरबॅकचे रक्षण करताना मागे सरकायची जी चाल असते, किक-सेट, ती शिकवताना दोन पायांच्या मध्ये फूटभर रुंदीची लांब फळी ठेवत. पाय जवळ आले की फळीला लागत, आणि ओरडून सांगावे लागत नसे. हिवाळ्यात त्याने बास्केटबॉल सोडावा का, असे आम्ही विचारले तेव्हा त्यांनी साफ नाही म्हटले, बास्केटबॉलमध्ये समोरच्याला अडवताना पाय जसे सरकतात तसेच टॅकलचे सरकतात असे समजावले, आणि त्या तीन महिन्यांचे शुल्क घेतले नाही. शिकवणीवर पोट असलेल्या माणसाने असे करणे मी फार मोठे मानते.

उशिरा शिकून काही होते का, या शंकेला खेळाच्या इतिहासातच उत्तरे आहेत आणि ती प्रशिक्षक मुलांना आवर्जून सांगत. लेन जॉन्सन शाळेत आणि मग टेक्सासमधल्या किल्गोर या कनिष्ठ महाविद्यालयात क्वार्टरबॅक होता. ओक्लाहोमा विद्यापीठात जागा बदलत बदलत टॅकल झाला आणि २०१३ च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघांच्या वार्षिक खेळाडू-निवडीत, चौथा निवडला गेला. त्याच वर्षी पहिला निवडला गेलेला एरिक फिशर सेंट्रल मिशिगनचा होता, आणि शाळेतून बाहेर पडताना मोठ्या विद्यापीठांनी त्याची फारशी विचारपूस केली नव्हती. जॉर्डन मायलाटा तर ऑस्ट्रेलियात रग्बी खेळायचा. २०१८ साली फिलाडेल्फियाच्या संघाने त्याला सातव्या फेरीत घेतले तेव्हा त्याने फुटबॉलचा एकही सामना खेळला नव्हता, आणि पुढे तो त्याच संघाचा डावा टॅकल झाला. पण या विस्कॉन्सिनच्या मुलांना जवळची वाटतात ती दोन नावे वेगळी आहेत. रायन रॅमचिक शाळेनंतर फुटबॉल सोडून तांत्रिक महाविद्यालयात गेला होता, मग स्टीव्हन्स पॉइंटच्या डिव्हिजन थ्री संघातून मॅडिसनच्या विस्कॉन्सिन विद्यापीठात आला, तिथे फक्त २०१६ चा एक हंगाम खेळला आणि २०१७ मध्ये पहिल्या फेरीत, ३२ व्या क्रमांकावर निवडला गेला. क्विन माइनर्झ व्हाइटवॉटरच्या विद्यापीठाचा, तेही डिव्हिजन थ्री. २०२० चा त्याचा अख्खा हंगाम साथीमुळे रद्द झाला आणि तरीही २०२१ मध्ये डेन्व्हरने त्याला तिसऱ्या फेरीत घेतले. ही उदाहरणे विरळा आहेत, आणि तिथल्या प्रशिक्षकांनी ती विरळा म्हणूनच सांगितली. मुलांनी त्यांतून घ्यायचे ते एवढेच, की सतराव्या वर्षी आलेल्या नकाराला फार मोठा अर्थ नसतो.

आता तक्रारी. पहिली आहाराची. शिकवण्यात एकेका घोट्याकडे इतके बारकाईने पाहणारे हे केंद्र आहाराच्या बाबतीत मात्र सगळ्यांच्या हातात एकच छापील कागद देते. त्यावर रोज ५,००० कॅलरी लिहिलेल्या आहेत, मुलगा १९० पौंडांचा असो की २६०चा. पहिल्या आठवड्यात माझ्या मुलाने त्या कागदाप्रमाणे सकाळी सहा अंडी, दोन वाट्या ओट्स आणि अर्धा लिटर दूध घेतले आणि शाळेच्या दुसऱ्या तासाला स्वच्छतागृहात जाऊन ओकला. आम्ही कागद बाजूला ठेवला आणि आमच्या बालरोगतज्ज्ञांनी सुचवलेल्या आहारतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी सहा वेळा थोडे थोडे खाणे, झोपण्यापूर्वी दही, सरावानंतर पीनट बटर लावलेला पाव, आणि महिन्याला दोन पौंडांहून जास्त वाढ नको, अशी आखणी करून दिली. साधारण त्याच गतीने तो फेब्रुवारी २०२३ मधल्या १८८ पौंडांवरून जून २०२५ मध्ये २५४ पौंडांवर आला, आणि गुडघा पुन्हा दुखला नाही. एका वर्षात चाळीस पौंड वाढवून देऊ असे कोणी सांगितले तर तिथून उठून यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. वेग महत्त्वाचा असतो, आणि पायांना ते वजन उचलून बाजूला सरकता आले पाहिजे. नाहीतर ते ओझेच.

दुसरी तक्रार मोठी आहे आणि तिचा आजही राग येतो. अकरावीच्या शेवटी केंद्राने आम्हाला १,२०० डॉलरचे रिक्रूटिंग पॅकेज विकले. हे मुख्य प्रशिक्षक पाहत नाहीत, त्यासाठी वेगळा माणूस आहे. दोन मिनिटांचे चित्रण बनवून ते १८० विद्यापीठांच्या प्रशिक्षकांना पाठवू, असे आश्वासन होते. चित्रण तयार झाले तेव्हा त्यात माझ्या मुलाने समोरच्याला आडवे पाडल्याचे अकरा प्रसंग होते, मागे संगीत, आणि किक-सेट एकही नाही. पाठवलेल्या पत्रात त्याची उंची दीड वर्षापूर्वीची होती. उशिरा वाढणाऱ्या मुलाच्या पत्रात उंचीच जुनी! यादीत एक विद्यापीठ असे होते की जिथे फुटबॉलचा संघच नाही. चार महिन्यांत तीन उत्तरे आली, तीनही छापील, आणि तीनही त्या विद्यापीठाच्या सशुल्क शिबिराची जाहिरात करणारी. पैसे परत मागितले तेव्हा काम केले आहे असे उत्तर मिळाले. मुख्य प्रशिक्षकांनी दिलगिरी व्यक्त केली, पण पैसे मिळाले नाहीत.

हा राग केवळ बाराशे डॉलरचा नाही. या मुलांच्या वाटा सध्या अरुंद होत आहेत, आणि अशा वेळी चुकीच्या दिशेने घालवलेले चार महिने परत मिळत नाहीत. पूर्वी वरच्या पातळीच्या संघांत ८५ स्कॉलरशिप असत आणि त्यांखेरीज स्वखर्चाने येणारे वॉक-ऑन मिळून संघ सहज ११५-१२० जणांचा होई. वाढायला वेळ लागणारा लाइनमन नेमका त्या वॉक-ऑनमध्ये असे, आणि विस्कॉन्सिनच्या विद्यापीठाचा तर तो वर्षानुवर्षांचा अभिमान होता. जून २०२५ मध्ये महाविद्यालयीन खेळाडूंच्या दाव्यात न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर, ती स्वीकारलेल्या विद्यापीठांना संघ १०५ जणांत बसवावा लागतो. त्यातच २०१८ मध्ये सुरू झालेल्या ट्रान्सफर पोर्टलमुळे, म्हणजे विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंच्या यादीमुळे, प्रशिक्षकांना दुसऱ्या विद्यापीठातला तयार, बावीस वर्षांचा, ३०० पौंडांचा टॅकल आयता मिळू शकतो. मग २३० पौंडांच्या सतरा वर्षांच्या मुलावर तीन वर्षे कोण खर्च करणार? शिवाय आमच्या राज्यात वरच्या पातळीचे एकच विद्यापीठ फुटबॉल खेळते. बाकी सगळे डिव्हिजन थ्री, जिथे खेळासाठी स्कॉलरशिप नसतेच. मधली पायरी हवी तर मिनेसोटा, आयोवा, मिशिगनचा वरचा भाग, डाकोटा इकडे पाहावे लागते. डिव्हिजन टूमध्ये एका संघाला ३६ पूर्ण स्कॉलरशिपइतकी रक्कम देता येते आणि ती पुष्कळ मुलांत वाटली जाते. माझ्या मुलाच्या वाट्याला त्यातला लहानसा हिस्सा आला आहे. हा नकाशा त्या पॅकेजवाल्या माणसाने आम्हाला समजावून सांगायला हवा होता. आम्ही तो स्वतः काढला.

उपयोग झाला तो साध्या गोष्टीचा. मुख्य प्रशिक्षकांनीच, एक पैसा न घेता, बारावीच्या आधीच्या जूनमध्ये कुठल्या एकदिवसीय शिबिरांना जावे त्याची सहा नावांची यादी दिली, आणि प्रत्येक ठिकाणी संघाचे स्वतःचे लाइन-प्रशिक्षक शिकवतात ना, हे आधी फोन करून विचारायला सांगितले. त्यांतल्या तिसऱ्या शिबिरात, दुपारच्या उन्हात, एकास एक सरावात माझा मुलगा पहिल्यांदा हरला. समोरच्याने त्याला आतल्या बाजूने चकवले. लाइन-प्रशिक्षकांनी त्याला बाजूला घेऊन आतला पाय कुठे ठेवायचा ते दाखवले, आणि पुढच्याच फेरीत त्याने तो तिथे ठेवला. त्यांनी त्याची उंची विचारली, बुटांचे माप विचारले, वय महिन्यांसकट विचारले, आणि संपूर्ण सामन्यांचे चित्रण पाठव म्हणाले. आम्ही हडल या सामन्यांची चित्रणे ठेवण्याच्या संकेतस्थळावरून कापाकाप न केलेले तीन सामने पाठवले, हरलेल्या एका सामन्यासकट. ऑक्टोबरमध्ये ते त्याचा सामना पाहायला आले.

बाकी बाबी थोडक्यात. जागा हिवाळ्यात थंड असते. गोदामाला एकच हीटर आहे आणि तो दाराजवळ आहे, तेव्हा पालकांनी जाड कोट न्यावा. शनिवारच्या तुकडीत चौदा मुले आणि एक प्रशिक्षक असतात, त्यामुळे तासाभरात एका मुलाच्या वाट्याला जेमतेम चार मिनिटे येतात. त्या तुकडीचे ४५ डॉलर मला जास्त वाटतात. रविवारी दुपारी चारच्या तुकडीत सहाच मुले असतात, शुल्क तेवढेच. एकट्याची शिकवणी ९० डॉलर. ती हंगाम संपल्यावर महिन्यातून एकदा, चित्रण पाहण्यासाठी घेतली तर पुरते. सामान चांगले आहे. दोन माणसांची ढकलगाडी, वाकून खालून जायचा लोखंडी मांडव आणि फळ्या हे सगळे नीट राखलेले आहे. मुलांशी बोलणे कडक, पण अपमान करणारे नाही. अडीच वर्षांत मी तिथे एकदाही शिवी ऐकली नाही, आणि या खेळात ती लहान गोष्ट नाही.

कोणी जावे? ज्याचे शरीर चौदाव्या वर्षीच भरलेले आहे अशा मुलाला या केंद्रात फारसे नवे मिळणार नाही. त्याच्या पालकांना तिथला संथपणा नकोसा होईल, आणि दोन-तीन कुटुंबे तशी सोडून गेलेली मी पाहिली. जो मुलगा दर सहा महिन्यांनी बूट बदलतो आहे, ज्याला त्याचे प्रशिक्षक आळशी किंवा धांदरट म्हणत आहेत आणि जो तरीही खेळ सोडत नाही, त्याला इथे आणावे. आहाराचा कागद घेऊ नये. रिक्रूटिंग पॅकेज कितीही स्वस्तात दिले तरी घेऊ नये. शिकवणीसाठी मी पाचपैकी साडेचार गुण देईन, आणि त्या दोन गोष्टींसाठी काहीच नाही.

माझ्या मुलाचे यंदाचे वर्ष रेडशर्ट आहे, म्हणजे तो संघाबरोबर सराव करतो पण त्याला खेळायला मिळणाऱ्या मोजक्या हंगामांपैकी एक खर्ची पडत नाही. अशा खेळाडूलाही मोजक्या सामन्यांत उतरवता येते, आणि त्याला नोव्हेंबरमध्ये एका सामन्यात शेवटची नऊ मिनिटे मिळाली. वजन २७१ आहे. तिथले प्रशिक्षक म्हणतात की तिसऱ्या वर्षी तो २९५ चा असेल.

ज्यांना रविवारची तुकडी हवी आहे त्यांनी नोव्हेंबरमध्येच फोन करावा, कारण शाळांचा हंगाम संपला की ती आठवडाभरात भरते. मूल्यमापनाला येताना सपाट तळाचे बूट आणि आखूड पँट असावी, म्हणजे गुडघे आणि घोटे दिसतील. मुलाच्या निदान दोन वर्षांच्या उंचीच्या नोंदी तारखांसकट बरोबर न्याव्यात, आणि घरातल्या मामा-काकांची वाढ कधी थांबली ते आधी विचारून ठेवावे, कारण तिथे ते नक्की विचारतात.